तिसऱ्या ओळीतला सूर

हेमलताबाईंना गाता येतं, हे फरीदाबादच्या त्यांच्या सोसायटीत शपथेवर सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. आणि त्यात सोसायटीची काही चूक नाही. स्वयंपाक करताना बाई गुणगुणायच्या तेव्हा सूर अगदी पक्का लागायचा, पण गाणं म्हणून काही हाताला लागायचं नाही. त्याच त्या तीन-चार सुरांत घुटमळायचं, मध्येच एक पायरी खाली उतरायचं, परत वर यायचं, की संपलं. शेजारच्या अरोराबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "हेमाजी, ये कौन सा गाना है? धुन पकड़ में ही नहीं आती."

धुन पकडीत येणार कुठून? बाई जन्मभर आल्टो गात आल्या होत्या.

आता आल्टो म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चर्चच्या गायनात एकच गीत चार आवाज चार वाटांनी गातात. सगळ्यांत वरच्या बायका, म्हणजे सोप्रानो, त्यांच्या वाट्याला चाल येते. लोकांच्या कानात राहते ती हीच. खाली पुरुषांचे दोन आवाज. आणि वरच्या बायकांच्या पदराला धरून खालून चालतो तो आल्टो. त्याला स्वतःची अशी चाल नाही. एकट्यानं गायलं तर ऐकणाऱ्याचं अरोराबाईंसारखं होतं. पण आल्टो काढून घ्या, की तेच गीत मीठ विसरलेल्या आमटीसारखं लागतं. काय कमी आहे ते मात्र पटकन कुणाला सांगता येत नाही.

हा आल्टो बाईंच्या गळ्यात बांधला तो त्यांच्या पपांनी. पपा, म्हणजे शांताराम, मूळचे नगरचे. केंद्र सरकारच्या नकाशे काढणाऱ्या खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून दिल्लीला आले आणि इथंच मुरले. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना महिन्यातून एकदा व्हायची, तीसुद्धा दुसऱ्यांच्या चर्चमध्ये, त्यांचं सगळं आटोपल्यावर, भर दुपारी. पण पपांचा थाट असा, की चर्च जणू यांच्या आजोबांनीच बांधलंय! विलायती संगीताच्या परीक्षा त्यांनी टपालानं दिल्या होत्या. दो, रे, मी, फा, सो करत ते सगळ्यांकडून घोटून घ्यायचे. त्यांना दोन मुली, थोरली प्रमोदिनी आणि धाकटी हेमलता. थोरलीचा आवाज वर सहज चढायचा, म्हणून पपांनी वाटणी करून टाकली. "प्रमोदिनी, तू वरचं. हेमे, तू खालचं." झालं! शाळेत पहिल्या दिवशी बाक मिळावा तशी जागा मिळाली आणि धाकटी त्या जागेवर जन्मभर बसली.

पपांनी स्वतः एक संध्याकाळचं गीत रचलं होतं. त्याची तिसरी ओळ अशी होती: "दार उघडे ठेविले, ये." शेवटचा 'ये' चांगला लांब. तिथं प्रमोदिनीनं एकच सूर धरायचा, रे, आणि जागचं हलायचं नाही. हलायचं ते हेमलतेनं. तिचा आधी फा, मग तोच फा अर्धी पायरी वर चढवायचा, म्हणजे आपला तीव्र मध्यम, पपा त्याला 'फी' म्हणायचे, आणि तिथून सो. हा फी मूळच्या सुरांतला नव्हेच, मुद्दाम बाहेरून आणलेला. हेमलतेला तो नेमका लागायचा नाही.

"पपा, हा असा वाकडा सूर कशाला घातला?" ती एकदा चिडून म्हणाली.

पपा म्हणाले, "हेमे, परवा आत्याचं केळवण केलं की नाही आपण? घर आपलं. पण त्या दुपारी मधला पाट कुणाचा? आत्याचा. सगळ्यांची तोंडं कुणाकडे? आत्याकडे. घटकाभर तीच या घराची मालकीण. जेवली, आहेर घेतला, गेली. घर परत आपलं झालं. तसं हे गीत दोच्या घरचं आहे. पण तिसऱ्या ओळीत सोचं केळवण आहे, आणि तुझा फी हे त्याचं आमंत्रण. फी लागला नाही, तर सो येईल आणि कोपऱ्यात उभा राहील. त्याला कुणी पाट देणार नाही."

पुस्तकात अशा आमंत्रणाच्या सुरावटीला सेकंडरी डॉमिनंट म्हणतात, आणि परक्या सुराला असं घटकाभर घरधनी करण्याला टॉनिसायझेशन, हेही त्यांनी सांगितलं. हेमलतेच्या लक्षात केळवण तेवढं राहिलं.

"मग ताई काय करते तिथं?"

"ताई काहीच करत नाही. तिचा रे तोच असतो. पण खालून तू फा म्हणतेस तेव्हा तो उदास वाटतो, फी म्हणतेस तेव्हा त्याला कुठंतरी जायची ओढ लागते, आणि सो म्हणतेस तेव्हा तो पोचतो. आणि लोक म्हणतात, वा, काय गायली प्रमोदिनी!" पपा मोठ्यानं हसले. हेमलता हसली नाही. पण त्या दिवसापासून तिचा फी कधी चुकला नाही.

पुढं काय, आयुष्य झालं. प्रमोदिनीताईंचं लग्न झालं, उत्तरा झाली, नवरा गेला. हेमलताबाई एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं, यार." नवरा गेल्यावर ताई धाकटीकडे फरीदाबादला राहायला आल्या. दोघी भांडायच्या अगदी मनापासून. चहात आलं किती, पंखा कितीवर, मोलकरणीला सुट्टी द्यायची की नाही. पण महिन्याच्या त्या रविवारी दोघी शेजारी उभ्या राहिल्या, की तिसऱ्या ओळीत ताई 'ये' धरायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून धाकटीकडे बघायची. धाकटी फी लावायची. हेवा वाटला नाही म्हणावं तर ते खोटं होईल. लोक उपासनेनंतर ताईचेच हात धरायचे. पण त्या एका जागी ताई आपल्यावाचून कुठं जाऊ शकत नाही, हे हेमलताबाईंना ठाऊक होतं, आणि ताईलाही. तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

मग दिवाळीच्या सुमाराला, हवा धुरानं कोंदलेली असताना, ताईंना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. अगदी संपूर्ण. समजायचं सगळं, डोळे बोलायचे, पण तोंडातून शब्द म्हणून फुटेना. बोलभांड बाई, भाजीवाल्याला घामाघूम करणारी, ती नुसती बघत पडली. हेमलताबाईंना ते बघवेना. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही, म्हणून त्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायच्या.

घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं, "आंटी, बोलने का रास्ता बंद है, पर गाने का रास्ता दिमाग में अलग होता है. जो गाना ये बचपन से गाती थीं, वो इनके पास बैठकर गाइए. मोबाइल पर नहीं, खुद. क्या पता, साथ में गाने लगें. फिर शब्द भी आ सकते हैं."

हेमलताबाईंच्या जिवात जीव आला. हे तर आपल्या हातातलं आहे! ताईला परत बोलतं करायचं, निदान एकदा आपल्याबरोबर गाऊन घ्यायचं, यापलीकडे त्यांना त्या हिवाळ्यात दुसरं काही नको होतं.

पण बाईंनी मनाशी हिशेब मांडला तो असा: ताई सोप्रानो गायची. मग तिला आठवायला हवी ती चाल. आपलं खालचं ऐकून तिला काय आठवणार? अरोराबाईंना कळत नाही, आजारी माणसाला काय कळेल! तेव्हा आपण वरचं शिकलं पाहिजे. आता याला काय म्हणायचं? पन्नास वर्षं कानावर पडलेली चाल, पण बाईंचा गळा काही तिकडे वळेना. वरचं सुरू करायचं आणि दुसऱ्याच शब्दाला पाय आपोआप खालच्या वाटेला. म्हाताऱ्या बैलाला दुसऱ्याच्या गोठ्यात घालायला जावं तसं. बाथरूमचं दार लावून त्या सराव करू लागल्या. वरचे सूर लावताना आवाज फाटायचा. अरोराबाईंनी बेल वाजवून विचारलं, "सब ठीक है न?"

"बिल्कुल ठीक है," हेमलताबाई घामाघूम होऊन म्हणाल्या.

थंडी पडेपर्यंत त्यांना वरचं आलं. एका सकाळी ताईंना पुसून, वेणी घालून, उशीला टेकवून बसवलं आणि त्या समोर खुर्ची घेऊन बसल्या. "ताई, ऐक हं," म्हणाल्या आणि गायला लागल्या. आवाज थोडा थरथरला, पण चाल बरोबर होती. पहिली ओळ झाली. ताईंचे डोळे मोठे झाले. हेमलताबाईंना वाटलं, आठवलं! त्यांनी दुसरी ओळ घेतली. तेवढ्यात ताईंचा चांगला, डावा हात वर आला आणि त्यांनी धाकटीच्या तोंडावर दाबून धरला.

ताईंनी हात काढला, तोंड भिंतीकडे केलं आणि दिवसभर सूपसुद्धा घेतलं नाही.

बाईंना वाटलं, आपलंच बेसूर झालं असणार. ताईचा कान तिखट. म्हणून त्यांनी आणखी सराव केला आणि पुन्हा बसल्या. पुन्हा तोच हात. या वेळी ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि राग. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! बाईंनी गाणं सोडून दिलं. थेरपिस्टला सांगितलं, "नहीं होता, बेटा." रविवारी उत्तरा आली तिलाही सांगितलं.

उत्तरा म्हणजे ताईंची एकुलती एक. विद्यापीठात पीएच.डी. करायची, दिल्लीला मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायची, रविवारी मेट्रोनं फरीदाबादला यायची. चर्चमध्ये कीबोर्डही तीच वाजवायची, पपांचं गीत तेवढं वाद्यावाचून, नुसत्या गळ्यानं व्हायचं. दिल्लीत वाढलेली पोर, तिचं मराठी अर्धं हिंदीत. आईजवळ बसून ती मोबाइलवर गाणी लावायची, स्वतः गायची, हिंदी, इंग्रजी, येईल ते. ताई तिच्या केसांवरून हात फिरवायच्या. गायच्या मात्र नाहीत.

"मम्मी को मेरा गाना अच्छा नहीं लगता क्या, मावशी?" उत्तरा दारात चप्पल घालताना विचारायची.

जानेवारीत एका दुपारी हेमलताबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. बाहेर ऊन नावाला. हात चालू, डोकं भलतीकडेच, आणि सवयीनं त्या गुणगुणू लागल्या. आपलं ते खालचं. पपांचंच गीत. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण त्या थांबल्या नाहीत. का कोण जाणे, त्यांना कळलं की आता थांबायचं नाही. त्या खालचं गात राहिल्या आणि आतून, बारीक, घोगरं, शब्दांवाचून, पण अगदी जागच्या जागी, वरचं येत राहिलं. तिसरी ओळ आली. ताईंनी तो लांब सूर धरला. हेमलताबाईंनी फा म्हटला. मग फी. आणि फीवर आतून स्पष्ट शब्द आला, "येऽऽ." सो. सूर पोचला.

मटार जमिनीवर सांडले, त्यावरूनच बाई धावत आत गेल्या. ताई उशीवर मान टाकून हसत होत्या, अर्ध्याच तोंडानं, पण हसत होत्या.

तेव्हा हेमलताबाईंना सगळा उलगडा झाला, आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. अगं बयो! ताईला तिची चाल कशाला ऐकवायची? ती तिच्याजवळच होती. आपण वरचं गायला लागलो तेव्हा तिला वाटलं असेल, माझी जागासुद्धा घेतली हिनं. मी गेलेच म्हणायची. आणि खाली तिच्यासाठी कुणीच उरलं नाही. ताईला हवं होतं ते खालचं, जे जगात एकट्या आपल्याला येतं!

"चुकले हं, ताई," त्या म्हणाल्या आणि रडल्या. ताईंनी डाव्या हातानं त्यांच्या गालावर चापट मारली, जोरात. भांडणातली चापट होती ती.

त्यानंतरचे दिवस, खरं सांगायचं तर, दोघींच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. ताईंना शब्द एकच आला, 'ये.' पण त्या एका शब्दात ताईनं सगळं घर चालवलं. पाणी हवं, 'येऽऽ.' पंखा बंद कर, 'येऽऽ.' त्याच रे सुरावर. आणि धाकटीनं असेल तिथून फा, फी, सो म्हणत यायचं. नुसतं "आले" म्हटलेलं चालायचं नाही, पुन्हा 'येऽऽ' व्हायचं. हेमलताबाई वैतागून म्हणायच्या, "अच्छा बाई, अच्छा! फा, फी, सो! झालं समाधान?" ताई डोळे मिटून घ्यायच्या. झालेलं असायचं.

उत्तरेला दाखवायचं म्हणून बाईंनी किती खटपट केली! पण ती आली की ताई गप्प. परकं माणूस बघून लहान मूल बोलायचं थांबतं तसं. उत्तरा दोघींच्या तोंडाकडे बघत बसायची. "तुझ्यासमोर गाते, माझ्यासमोर नाही," एकदा ती म्हणाली, हसत म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. हेमलताबाई म्हणाल्या, "गाईल ग. होळीपर्यंत बघ, तुझ्याशी बोलायलासुद्धा लागेल."

होळीच्या आधीच ताई गेल्या. दुसरा झटका आला, सकाळी, चहाच्या आधी. हेमलताबाई 'ये' ची वाट बघत स्वयंपाकघरात उभ्या होत्या. चहा उकळून कडू झाला तरी हाक आली नाही, तेव्हा त्यांनी आत जाऊन पाहिलं.

अंत्यविधीला चर्चमध्ये पपांचं गीत गायचं, हे कुणी विचारायची गरजच नव्हती. उत्तरा म्हणाली, "आईसाठी मीच वाजवणार." डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आदल्या दिवसापासून पोटात काही नाही. तरी कीबोर्डपाशी बसून ती सूर लावून बघत होती. हेमलताबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एवढंच एक त्यांना ताईला द्यायचं होतं. बाकी फुलं काय, लोक आणतातच.

"उत्तरा, तिसऱ्या ओळीत ती एक जागा आहे बघ. फा नंतर फी येतो."

"फी म्हणजे? मावशी, मला तुमचं दो-रे-मी, सोल्फा, नाही येत. सी, डी, ई मध्ये सांग."

बाईंना सी, डी, ई येत नव्हतं. त्यांनी गाऊन दाखवलं. उत्तरेनं बोटं फिरवली. "एफ शार्प? तिथं? पण मावशी, ट्यून तर हलतच नाही ना तिथं. आईचा तो एकच लाँग नोट आहे. ट्यून बदलत नाही, तर मी खालची कॉर्ड कशाला बदलू? डी मायनर धरून ठेवते, चांगला लागतो." तिनं कपाळ दाबलं. "लोक खूप येणार आहेत, अर्धे हिंदीवाले. सगळे आईचं वरचंच गाणार. सिंपल ठेवू दे ना, प्लीज. मेरा दिमाग नहीं चल रहा."

आई गेलेल्या पोरीला उभ्या उभ्या केळवण समजवायचं? हेमलताबाई म्हणाल्या, "बरं, बाळा."

चर्च भरलं. जुनी मराठी मंडळी, ताई पूर्वी शिकवायच्या त्या शाळेतल्या शिक्षिका, अरोराबाई नवऱ्याला घेऊन. समोर ताईंची शवपेटी, वर पांढरी शेवंती. पाळक पद्माकर यांनी प्रार्थना केली, उत्तरेनं सुरुवातीचा सूर दिला आणि सगळे उठून उभे राहिले. गायला लागले ते सगळे वरचं. हातात शब्दांचा कागद होता, चाल सोपी होती. जुन्या गायनवृंदातलं आता कोणी राहिलं नव्हतं. कुणी पुण्याला परत गेलं, कुणी देवाघरी. त्या सगळ्या गर्दीत खालचं गाणाऱ्या एकट्या हेमलताबाई.

तिसरी ओळ आली. "दार उघडे ठेविले, ये." सगळ्यांनी मिळून रे धरला, ताईचा रे. बाईंनी फा म्हटला, आणि मग पूर्ण गळ्यानं फी लावला.

कीबोर्डवर उत्तरेचा डी मायनर, म्हणजे त्यातला फा, तसाच चालू होता. फा आणि फी एकमेकांना असे घासले की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. उत्तरेनं दचकून मान वर केली, आपलंच बोट चुकलं असं वाटून पट्ट्यांकडे बघितलं आणि सूर आणखी घट्ट दाबून धरला. मंडळीतल्या कल्पनाताई शेजारीच होत्या. त्यांनी हेमलताबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाल्या, "हलतो सूर अशा वेळी. रडा तुम्ही, रडून घ्या."

रडून घ्या! सूर हलला नव्हता हो. त्या सबंध चर्चमध्ये तेवढा एकच सूर बरोबर होता. बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणाला सांगणार? ज्यांना सांगायचं ते पपा नव्हते, आणि जिला सांगावं लागलं नसतं ती पेटीत होती.

दुसरं कडवं सुरू झालं. बाईंनी ठरवलं, पुन्हा फीच लावायचा. काय म्हणायचं ते म्हणोत. ओळ जवळ आली. त्यांनी उत्तरेकडे पाहिलं. पोरगी ओठ दाताखाली धरून वाजवत होती. आता पुन्हा काहीतरी मोडणार अशी भीती तिच्या चेहऱ्यावर होती. आईला निरोप देताना तिच्या हातून चूक होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. आणि ती चूक तिच्या हातून होत नव्हतीच, मावशीमुळं होत होती.

हेमलताबाईंनी फा म्हटला. आणि फाच धरून ठेवला.

ते छान जुळलं. कुणी वळून पाहिलं नाही. उत्तरेचे खांदे खाली आले. ताईचा लांब रे शेवटपर्यंत जागच्या जागी उभा राहिला, आणि पुढचा सो आला तो नुसताच आला. फी नाही तर खालचं गायचं तरी कशासाठी, असं बाईंना झालं, आणि तिसऱ्या कडव्याला त्या सगळ्यांबरोबर वरचं गायल्या. हिवाळ्यात बाथरूममध्ये शिकलेलं. आवाज कुठंही फाटला नाही.

दफनभूमीतून सगळे परतू लागले. फाटकाशी उत्तरा येऊन त्यांच्या गळ्यात पडली. सबंध दिवसात पहिल्यांदा मोकळी रडली. रडता रडता म्हणाली, "मावशी, शेवटच्या कडव्याला तू वरचं गायलीस ना? मला एकदम वाटलं, आईच गातेय. इतके महिने ती माझ्यासमोर एकदाही गायली नाही. आज ऐकली मी तिला. थँक्यू, मावशी."

पोरीला आई भेटली होती. ती तिच्यापासून काढून कशी घ्यायची? हेमलताबाई म्हणाल्या, "हो ग, आईसारखंच गायले." तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. पण त्यांचं मन त्या तिसऱ्या कडव्यापाशीच अडकलं होतं. ताई वर गायची तेव्हा खाली कुणीतरी असायचं. आज खाली कुणीच नव्हतं, आणि भरलेल्या चर्चमध्ये एकालाही काही कमी वाटलं नाही.